दोन्ही संघ घरचेच

आमच्या तालमीचं नाव मी या लेखात सांगणार नाही. संपादकांच्या कचेरीला काचेचं दार आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी, फुलेवाडी, यांतलं कुठलंही धरा. जे धराल त्यावर अर्धं कोल्हापूर तुम्हाला सोयरं होईल आणि उरलेलं अर्धं म्हणेल, ‘ह्येला फुटबॉलमधलं काय कळतंय!’

बाहेरगावचे पाहुणे विचारतात, “तुमच्या टीमची होम मॅच कधी असते?” आता याला काय सांगायचं? शाहू स्टेडियम एकच. वरिष्ठ गटाचे १६ संघ तिथंच खेळतात. मिलानचे दोन संघ सान सिरोवर एकत्र नांदतात याचं जगाला केवढं कौतुक! इथं १६ जणांचा संसार एका मैदानावर चाललाय. दोन्हीकडचे सपोर्टर घरातनं चालत येतात, चालत जातात. प्रत्येक मॅच दोघांचीही घरचीच. त्यामुळं हरल्यावर ‘परक्या मैदानावर खेळलो’ म्हणायचीही सोय नाही.

संघ निवडायचा नसतो. जन्माच्या दाखल्यावर पेठ लागली की संघ लागला. शाहू महाराजांनी पेठापेठांतल्या तालमींना बळ दिलं, १९१२ मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं. पुढं याच तालमींची पोरं लंगोटाच्या जोडीला बूटही बांधू लागली. म्हणून आमचा फुटबॉल अजून निम्मा आखाड्यातच आहे. बॅकनं फॉरवर्डला आडवा केला की रेफ्री शिट्टी मारतो आणि गॅलरी ओरडते, “आस्मान दाखवलं गड्यानं!”

मॅचच्या दिवशी शहरात आजारपण एकाएकी वाढतं. बँकेतला कॅशियर दाढ धरून घरी जायला निघतो आणि थोड्या वेळानं गॅलरीतल्या पायरीवर रुमाल अंथरताना दिसतो. शेजारी त्याचा साहेब बसलेला असतो, ज्याची मावशी सकाळी वारलेली असते. दोघं एकमेकांची विचारपूस करतात, मावशीचं वय विचारलं जातं, लवंगेचं तेल सुचवलं जातं. मग हलगी कडाडते आणि दाढ, मावशी दोन्ही मार्गाला लागतात.

आमच्या पायरीवर एक आण्णा असतात. हातात शेंगांची पुडी, डोक्यावर घडी घातलेला पेपर. त्यांची नजर चेंडूवर कधीच नसते, ती लाइनमनवर असते. चेंडू काय, कुठंही जाईल, त्याला पेठ नाही. पण लाइनमनचं काही सांगता येत नाही, असा त्यांचा हिशोब. परवा आमच्यावर गोल झाला. पलीकडची गॅलरी उसळली, शिट्ट्या, पिपाण्या, कागदाचे कपटे. आण्णा शांतपणे लाइनमनच्या मनगटाकडं बघत म्हणाले, “झेंडा वर जायला पायजे हुता.”

“कशाबद्दल, आण्णा?”

“आता कशाबद्दल म्हंजे? गोल आपल्यावर झालाय न्हवं!”

या नियमाचं पुस्तक फिफाच्या झुरिचमध्ये मिळत नाही.

आता संघांत परदेशी खेळाडूही येतात. नायजेरियाचा एखादा उंचापुरा फॉरवर्ड येतो, हळूहळू पांढरा रस्सा वाटीनं प्यायला शिकतो, ‘काय भावा’ म्हणायला लागतो. मोकळा गोल सोडून चेंडू वरून मारला, की गॅलरी त्याला जे ऐकवते ते भाषा येत नसली तरी त्याला नेमकं पोचतं. पुढच्याच मिनिटाला गोल मारला तर तोच पेठेचा वाघ. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवनं २०१७ मध्ये १७ वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताची जर्सी घातली, तेव्हापासून ‘त्याला ल्हानपणी पहिला पास म्या दिला’ म्हणणारे मला इतके भेटलेत, की त्या पोराला शाळेला जायला वेळ कधी मिळाला असेल, याचं कोडं पडतं.

आणि मेस्सी? तोही आमचाच. वर्ल्ड कप आला की चौकाचौकांत त्याचा फलक, खाली गॉगल घातलेले कार्यकर्ते ओळीनं. कोण कुणाला शुभेच्छा देतंय, हे मेस्सीलाही सांगता आलं नसतं. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री अर्जेंटिनानं फ्रान्सला टायब्रेकरमध्ये हरवलं आणि फटाके आमच्या चौकात फुटले. खरं तर त्या जल्लोषात जीवाला आराम होता, कारण हरलेला फ्रान्स शेजारच्या गल्लीत राहत नाही.

पेठेत तो आराम नसतो. दगड आणि बाटल्या घेऊन येणाऱ्यांचं मला कधीच कौतुक वाटलं नाही. त्यांच्या मर्दुमकीपायी चांगल्या स्पर्धा बंद पडायची वेळ येते आणि खेळणारी पोरं घरी बसतात. माझं भांडण साधं, घरगुती. माझी सासुरवाडी दुसऱ्या पेठेत आहे.

परवाची ती मॅच टायब्रेकरवर गेली. आमच्या पायरीवरचे निम्मे लोक अशा वेळी मैदानाकडं पाठ करून बसतात. ओरडा कुठल्या बाजूनं आला त्यावरून निकाल कळतो. ओरडा पलीकडून आला. मी फोन बंद करणार, तेवढ्यात सासऱ्यांचा आलाच.

“जावईबापू, या की जेवायला. तांबडा-पांढरा केलाय. मॅचचं कोण काय बोलणार न्हाई, पाव्हण्यांचं मन दुखवायचं नसतंय.”

पेठेचा स्वाभिमान एकीकडं, मटण एकीकडं. गेलो.

पहिला घास तोंडात जाईपर्यंत सासऱ्यांनी शब्द पाळला. मग त्यांच्या ताटात कांद्याच्या चकत्या आमचा बचाव म्हणून उभ्या राहिल्या. लिंबाची फोड चेंडू झाली. माझ्या ताटातली नळी त्यांनी हक्कानं उभी केली.

“ह्यो तुमचा गोलकीपर. हितंच हुबा हुता बघा, तसूभर हालला न्हाई. आन् चेंडू आला उजवीकडनं...”

“आबा, डावीकडनं,” माझ्या वाटीत पांढरा रस्सा ओतत बायको म्हणाली.

बापलेकींचा डावा-उजवा बराच वेळ चालला. लिंबू दोनचार वेळा इकडून तिकडं गेलं आणि दरवेळी गोलच झाला. शेवटी मी गोलकीपर उचलला, ताटाच्या काठावर आपटला आणि चोखून मोकळा केला.