नव्यांना प्रवेश नाही

१९९१ साली सी-डॅकने पुण्यात ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्याच पुण्यात आज हिंजवडीतल्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर कंपाइल केलेला चार ओळींचा ‘नमस्कार’ प्रोग्रॅम गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर टाकला, की उत्तर येतं: ‘ग्लिबसी २.३४ सापडली नाही.’ कारण नाही, उपाय नाही. इतका थोडक्यात अपमान सदाशिव पेठेतल्या पाटीलाही जमलेला नाही.

ग्लिबसी ही लिनक्सची पायाभूत लायब्ररी. तिचा नियम एकतर्फी: जुन्या आवृत्तीवर बांधलेलं नव्यावर निमूट चालतं, उलट नाही. ऑगस्ट २०२१ च्या २.३४ मध्ये प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनवरच नव्या आवृत्तीचा शिक्का बसला. म्हणून साधा नमस्कारही जुन्या दारात अडतो. गिऱ्हाइकाकडे सेंटओएस ७ ही जुनी लिनक्स, म्हणजे २०१२ ची ग्लिबसी २.१७. सेंटओएस ७ चा अधिकृत आधार ३० जून २०२४ ला संपला. पण ‘चालतंय ना? मग हात लावू नका!’

मग शहाणपण एकच: सर्वांत जुन्या यंत्रणेवर बांधा. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गप्पा मारणारी कंपनी डॉकरच्या बंद डब्यात जुनं सेंटओएस जपून ठेवते. गुंतवणूकदाराला भविष्य दाखवायचं, कंपायलरला भूतकाळ.

एखादा उत्साही वीर नवी लायब्ररीच जुन्या सर्व्हरवर कॉपी करतो. त्यानंतर फाइलींची यादी दाखवणारी साधी ‘एलएस’ आज्ञासुद्धा उठत नाही. दहा वर्षं अडलेली नव्या सर्व्हरची फाइल मात्र त्याच रात्री मंजूर होते.