कॅटालिनाचे फर्मान

२०१९ साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे आपल्याकडचे कारागीर आपापल्या औजारांना गंधफूल वाहून हात जोडीत होते त्या ७ ऑक्टोबरलाच, कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅपल दरबाराने मॅक संगणकांसाठी ‘कॅटालिना’ नामक कार्यप्रणालीची नवी राजवट जारी केली आणि बत्तीस बिटांच्या यच्चयावत सॉफ्टवेअरच्या सनदा खालसा करून टाकल्या. ताकीद दिली नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. आदल्या वर्षापासून तशा नोटिसा पडद्यावर झळकत होत्या. कारणही शास्त्रशुद्ध होते. बत्तीस बिटांच्या प्रोग्रॅमची नजर चार जीबी मेमरीपलीकडे पोहोचत नाही, आणि हल्लीच्या चित्रणाची भूक पाहता असल्या अधू नोकराला सेवानिवृत्त करण्यात गैर ते काय?

परंतु चित्रपटसंकलकांच्या जमातीला या दरबाराचा न्याय त्यापूर्वीच परिचयाचा झालेला होता. ‘द सोशल नेटवर्क’ या चित्रपटाला फेब्रुवारी २०११ मध्ये संकलनाचे ऑस्कर मिळाले. ते संकलन अ‍ॅपलच्याच ज्या ‘फायनल कट प्रो ७’ या सॉफ्टवेअरवर झाले होते त्याची विक्री त्याच वर्षी जूनमध्ये बंद करण्यात आली, आणि त्याच्या गादीवर ‘फायनल कट प्रो टेन’ नावाचे जे नवे दिवाणजी येऊन बसले, त्यांना पूर्वसूरींच्या हातचे एकही दप्तर उलगडता येईना! पुढल्या वर्षी ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ला तेच पारितोषिक मिळाले, तेही त्याच बडतर्फ आवृत्तीच्या पुण्याईवर. २०१७ च्या ‘हाय सिएरा’ या मॅक प्रणालीने तर तिला उंबरठाच ओलांडू दिला नाही.

जुने काम नव्या जागी नेण्याची वाटच नाही, असे मात्र नव्हे. ते एक्सएमएल नावाच्या मजकुरात उतरवून घ्यावे. मग प्रीमिअर किंवा रिझॉल्व्हसारखे दुसरे संकलनाचे सॉफ्टवेअर ते बरेचसे वाचते, आणि खुद्द फायनल कटच्या नव्या आवृत्तीसाठी तेवढा तिऱ्हाइताचा दुभाषी विकत घ्यावा लागतो. अट एवढीच की हा उतारा जुन्या फायनल कटनेच काढून द्यावयाचा, आणि जुना फायनल कट तर नव्या राजवटीत डोळेच उघडीत नाही. तेव्हा मृत्यूचा दाखला मयतानेच सही करून आणावयाचा, इतक्या सोप्या कामाचा लोकांनी एवढा बाऊ का करावा, हे कळत नाही.

कॅटालिनात अशा पदच्युत सॉफ्टवेअरच्या चित्रावर एक गोल आणि त्यात एक तिरपी रेघ उमटते. तरीही कोणी ते उघडू पाहिले, तर खुलासा येतो की, हे सॉफ्टवेअर त्याच्या निर्मात्याने सुधारावयास हवे, सबब अधिक माहितीसाठी निर्मात्याकडे विचारणा करावी. आता याच फर्मानाने गारद झालेल्या ‘क्विकटाइम प्लेअर ७’चा निर्माता कोण म्हणाल, तर अ‍ॅपलच. अर्जदाराला फिरवून पुन्हा त्याच खिडकीशी आणून उभे करण्याची विद्या ही आपल्या मामलेदार कचेऱ्यांची पिढीजात मिरास आहे, अशी आजवर माझी भाबडी समजूत होती.

शहाणे संकलक एखादा जुना मॅक ‘हाय सिएरा’च्या आधीच्या ‘सिएरा’ प्रणालीवरच ठेवतात, त्याची इंटरनेटची तार उपटतात आणि त्याच्या कपाळी ‘अपडेट करू नये’ अशी चिठ्ठी डकवतात. कारण नवा मॅक घेऊन त्यावर जुनी प्रणाली बसवू म्हटले, तर तो ज्या प्रणालीसह जन्मला तिच्या मागे एक पाऊलही जात नाही. बाकीच्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यात, ऐन काम पोहोचते करण्याच्या घाईत, नवी आवृत्ती सिद्ध असल्याची वर्दी येते. तीत ‘बसवा’ आणि ‘नंतर’ अशी दोनच बटणे असतात, ‘नको’ची तरतूद नाही, आणि ‘नंतर’ दाबले की दरबार मोठ्या अदबीने विचारतो: तासाभराने, आज रात्री, की उद्या?