तीर्थरूप भाऊच्या धक्क्यास अनावृत पत्र

मिती शुद्ध चतुर्थी.

तीर्थरूप भाऊ यांचे चरणी, मुरबे-सातपाटीच्या तरीवरील एका जुन्या उतारूचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांचे नाव ज्यास लाभले, मोरा-रेवसचे उतारू ज्याने पिढ्यानपिढ्या पैलतीरी लावले आणि मुंबापुरीच्या भूषणांत ज्याची गणना निर्वेध होते, त्या आपणांसारख्या वडीलधाऱ्याने पालघर तालुक्यातील या धाकट्या भावंडाची ‘ऐतिहासिक स्थळ’ म्हणून हुजुरांत शिफारस करावी, असा मनसुबा काही उत्साही मंडळींत शिजत असल्याचे कानी आले, म्हणून ही दरखास्त : कृपा करून तसे करू नये.

एक तर आमची पात्रता नाही. 1739 च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या फौजेने तारापूरच्या तटास सुरुंग लावले, पलीकडचे शिरगावही घेतले. आमच्या चिखलास सुरुंग लावावा असे मात्र कोणास सुचले नाही. घड्याळाचा मनोराही नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हाती येते, चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, हे त्रैराशिक येथील निरक्षर आजीस मुखोद्गत असल्याने मनोऱ्याची तजवीज राहूनच गेली. मनोरा होता तो हाँगकाँगच्या स्टार फेरीच्या धक्क्यास. 2006 च्या नोव्हेंबरात तेथून अखेरची बोट सुटली त्या रात्री, एरव्ही मान वर करून वेळदेखील न पाहणारे नगर निरोपास लोटले, आणि पुढच्याच महिन्यात मनोरा जमीनदोस्त झाला. भाऊ, एवढे प्रेम आम्हांस झेपणार नाही.

उत्तरेस वाढवणला सुमारे 76,000 कोटींचे बंदर व्हावयाचे आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरात त्याचे भूमिपूजनही झाले. तेथे वीस मीटर खोल पाण्याच्या गोष्टी चालतात. आमच्या होडीस कमरेएवढे पाणी पुरते, आणि खाडी गाळाने भरत चालल्यामुळे ओहोटीस तेही मिळेनासे झाले आहे.

काल असेच झाले. होडी काठापासून चार हात अलीकडेच टेकली. सुक्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेतलेल्या मावशी लुगडे गुडघ्यावर खोचून निमूट उतरल्या, एका हाताने पाटी सावरीत दुसरा मजपुढे करून म्हणाल्या, “बूट हातात घे, भाऊ.” आपल्या नावाने हाक आली खरी, परंतु आपली प्रतिष्ठा अंगी नसल्याने मी बूट पायातच ठेवले. उजवा आला. डावा अद्याप तेथेच आहे, आणि पुराणवस्तु म्हणून दफ्तरी दाखल करण्याजोगे आमच्याकडे तूर्त तेवढेच आहे.

अधिक लिहिले असते, परंतु पावणेतीन वाजून गेले, नाखवा हाका मारीत आहे. अनवाणीच निघतो.

आपला आज्ञाधारक,
एक उतारू