परभणीत एखाद्याला येडं कसं म्हणावं

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण ज्या जिल्ह्यातली माणसं पाहुण्याला स्वतःच हसत हसत ऐकवतात, तिथे कुणाला मूर्ख म्हणायला बाहेरून तज्ज्ञ आणावे लागत नाहीत. तरी बदली होऊन आलेले साहेब, नवे जावई आणि कृषी विद्यापीठात शिकायला आलेली पुण्या-कोल्हापूरकडची पोरं नको तिथे नको तो शब्द टाकून बसतात. प्रस्तुत मार्गदर्शन त्यांच्यासाठी.

सर्वप्रथम लिंग तपासावे. 'येडा' म्हटलं की भांडण, 'येडं' म्हटलं की माया. दोन पोरांचा बाप झालेल्या मुलाकडे बघून आई 'लई येडंय माझं' म्हणते, तेव्हा पोरगं भोळं आहे, त्याला कुणी फसवू नका, अशी ती गावाला तंबी देत असते. तेच 'येडा हाय त्यो' झालं की त्याच्याशी व्यवहार करू नका, असा अर्थ निघतो. काना काढून अनुस्वार ठेवण्याएवढं हे काम आहे, पण ते न जमल्यास सोयरीक मोडते. 'येड्या' ही हाक फक्त बरोबरीच्या दोस्ताला मारावी आणि लगेच पुढे 'लेका' जोडावं. वडीलधाऱ्याच्या बाबतीत यातलं काहीच चालत नाही. तिथे 'मामा, तुमी बी लई भोळे' एवढ्यावर थांबावं. मामांना काय ते कळतं.

यानंतर जनावरं. शहरी माणूस सरसकट 'बैल' म्हणून मोकळा होतो. असं करू नये. ज्या बैलाला पोळ्याला शिंगं रंगवून, झूल घालून पुरणपोळी भरवतात, त्याचं नाव बिनकामाच्या माणसाला देणं हा बैलावर अन्याय आहे. त्यासाठी 'हाल्या' राखून ठेवलेला आहे. हाल्या म्हणजे रेडा. अंगानं दणकट, डोक्यानं निवांत. गाढवाबद्दल बोलण्यासारखं काही नाही, ते सगळीकडे सारखंच आहे.

शाळेच्या आवारात 'ढ' वापरावा. एका अक्षरात काम होतं, शाई वाचते. याची उपपत्ती मोठी विद्वत्तापूर्ण सांगतात: अशोकाच्या शिलालेखांतल्या ब्राह्मी लिपीपासून बाकीची अक्षरं वळणं घेत घेत पार बदलली, 'ढ' मात्र बावीसशे वर्षं जवळपास होता तसाच राहिला. दरवर्षी त्याच वर्गात बसणाऱ्या पोराला हे नाव त्यावरून पडलं म्हणे. ब्राह्मीतला 'ढ' खरोखरच आजच्यासारखा दिसतो. उरलेली गोष्ट कुण्या मास्तरानं रचली असावी असं मला वाटतं, पण रचली झकास.

सरकारी कचेरीत उर्दू बरी. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा, दफ्तराची भाषा उर्दू. निजाम गेला, 'बेअक्कल' आणि 'बेवकूफ' मुक्कामाला राहिले. त्यांचा फायदा असा, की ऐकणाऱ्याला आपला अपमान झाला की आपल्या अर्जावर शेरा पडला, हे चटकन उमगत नाही. हैदराबादी दखनीतला 'हौला' मात्र नवशिक्यानं वापरू नये. त्याला लागणारा सूर चारमिनारच्या आसपास वाढल्याशिवाय गळ्यातून निघत नाही.

लेखी पुरावा लागत असेल तर शेजारच्या जालना जिल्ह्यात जावं. तिथल्या जांब गावी 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांना दिला आणि दहावा पढतमूर्खाला. स्वतःची स्तुती करणारा मूर्ख, वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणारा मूर्ख. ही कसोटी कुठल्याही चहाच्या टपरीवर लावली तर चहावाला सोडून कुणी सुटायचं नाही. पढतमूर्खाला वेगळा समास देण्यात मोठा शहाणपणा आहे. इंग्रजांनाही 'डन्स' हा शब्द एका पंडितावरूनच मिळाला. डन्स स्कोटस 1308 साली वारला, नावाजलेला तत्त्वज्ञ होता. पुढे दोनशे वर्षांनी नव्या विद्येच्या लोकांनी त्याच्या हट्टी अनुयायांची टर उडवली आणि बिचाऱ्याचं नाव वर्गातल्या मठ्ठ पोराच्या कपाळी आलं.

पण परभणीकडची खरी जहाल शिवी म्हणजे 'शाना'. 'लई शाना झालास काय?' हा प्रश्न आला की उत्तर देऊ नये, चप्पल शोधावी. मूर्ख माणसाला इथे जेवायला बसवतात. शहाण्याला नुसतं ऐकवतात, की अतिशहाण्याचा बैल रिकामा.

राहिलं वेड पांघरून पेडगावला जाणं. म्हणीतलं पेडगाव नगर जिल्ह्यात, श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी. 1674 साली मराठ्यांच्या एका तुकडीनं हूल देऊन मुघल सरदार बहादूरखानाला तिथल्या छावणीबाहेर लांब पळवलं आणि दुसरीनं मागे छावणी लुटली. म्हण त्यावरून आली असं सांगतात. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या गॉथम गावाचीही अशीच दंतकथा आहे. राजा जॉन आपल्या गावातून गेला तर खर्चात पडू, म्हणून अख्खं गाव वेड्यासारखं वागलं आणि राजानं वाट बदलली. 1807 साली वॉशिंग्टन आयर्विंगनं न्यूयॉर्कची टिंगल करायला तेच नाव वापरलं, आणि पुढे बॅटमॅनचं शहरही गॉथमच झालं. पेडगावला असं नशीब लाभलं नाही.

परभणी जिल्ह्याचं स्वतःचंही एक पेडगाव आहे, मानवत रोडकडे जाताना. त्याचा बहादूरखानाशी संबंध नाही, पण तिथे रेल्वे स्टेशन आहे. तेव्हा या पेडगावला जायचं असेल तर परभणीहून रीतसर तिकीट काढा. तिकीट तपासनीसापुढे वेड पांघरून भागत नाही.