मा. पार्सल डबेसाहेबांना अनावृत पत्र

श्रीयुत साधे पार्सल डबेसाहेब यांस,

कृ. सा. न. वि. वि.

1 फेब्रुवारी 2020 च्या अर्थसंकल्पात दूध, मांस, मासळीसाठी अखंड शीतसाखळीचे आणि गाड्यांना शीत डबे जोडण्याचे वचन मिळाले. बेताचे नाव ‘किसान रेल’. आम्ही गारव्याची वाट पाहत राहिलो आणि 7 ऑगस्टला देवळालीहून दानापूरला निघालात आपण! अंगावर पत्रा, पोटात कम्प्रेसर नाही, वाट 1,519 किलोमीटरची, जवळजवळ 32 तासांची. ठरलेला नवरा एक, बोहल्यावर दुसराच. आणि वऱ्हाड टाळ्या वाजवतेय. केवढे हे कसब!

28 डिसेंबरला सांगोल्याहून शंभरावी गाडी सुटली, तेव्हा पंतप्रधानांनी किसान रेलला चालते-फिरते शीतगृह म्हटले. आपण विनयाने गप्प राहिलात. थोरांच्या मध्ये बोलू नये, हे संस्कार आता कुठे दिसतात?

कांद्यापुरते मात्र खरेच आभार. त्याला गारवा नको, वारा हवा. शिवाय भाड्यात निम्मी सवलत होती.

पण गोठवलेल्या मटाराला आणि कोळंबीला उणे 18 अंश लागतात, तेही वाटभर. एकदा वितळून पुन्हा गोठले की मटाराचा गोळा आणि कोळंबीचा चोथा. मे महिन्यात आपल्या पोटात कोळंबी अर्धी शिजूनच निघेल. ग्राहकाचा गॅस वाचवण्याची ही तळमळ आम्ही विसरणार नाही. मासळी आपल्याकडे येते तीही थर्माकोलच्या खोक्यात स्वतःचा बर्फ घेऊन. त्याचे पाणी गळून फलाट धुतला जातो, ही सेवा विनामूल्य.

आपले थंड भाऊबंद आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. कपूरथळ्याच्या कारखान्यातून 17 टनी शीत डबे आले. किती? 9. एवढ्या मोठ्या देशाला! भाडे दीडपट आणि नोंदणी जाऊन-येऊन. म्हणजे कोळंबी उतरवल्यावर परत येणाऱ्या रिकाम्या गारव्याचेही पैसे व्यापाऱ्यानेच मोजायचे. थंड हवेला देश दाखवून आणण्याची ही योजना ज्यांना सुचली, त्यांना आमचा दंडवत सांगा. उद्या कुणी ‘मागणीच नाही’ म्हणाले, तर साक्षीला आपण आहातच.

एकच विनंती. कृपा करून अंगात कम्प्रेसर बसवून घ्या, त्याला वीज मिळवा आणि परतीचे भाडे सोडा. तोवर गोठवलेला माल डिझेल जाळत महामार्गानेच चाललाय.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक ग्राहक