पस्तीसच्या पुढचा गट

मुरगूडला नवा माणूस आला की गाव आधी त्याच्या कानाकडं बघतं. कान मोडलेला असला तर पैलवान. मग चहा येतो, चौकशी होते, तालीम कुठली, वस्ताद कोण. कान शाबूत असला तर माणूस बहुतेक विमा विकायला आलेला असतो. गावात कुस्तीचं संकुल आहे आणि त्याच्या मॅटवर घाम गाळून नंदिनी साळोखे, स्वाती शिंदे यांच्यासारख्या पोरींनी देशपातळीवर नाव काढलं आहे. त्यामुळं पोरगी खेळते म्हटल्यावर इथं कुणाची भुवई वर जात नाही. उलट एखादी खेळत नसली तर "का, काय झालंय तिला?" असं विचारतात.

पण पोरीची आईच खेळायला निघाली तेव्हा मात्र गाव जरा विचारात पडलं.

या आईला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. अशी एकेक वहिनी आता गारगोटीला आहे, कागलला आहे, गडहिंग्लजला तर दोन आहेत आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. निपाणीच्या वहिनी राज्यानं कर्नाटकात आणि बोलण्यानं आपल्यात असल्यामुळं दोन्हीकडच्या शर्यतींत उतरतात, आणि दोन्हीकडं "बाहेरची आहे" म्हणून त्यांच्याविरुद्ध तक्रार होते. वहिनी ओळखायची सोपी खूण म्हणजे हात. मनगटापासून कोपरापर्यंत उन्हानं रापलेले आणि मनगटाच्या पुढं, जिथं हातमोजा असतो तिथं, गोरेपान. मंगळसूत्र जर्सीच्या आत, पदराला लावायची पिन जर्सीवरच्या नंबराला, आणि कपाळावर हेल्मेटच्या पट्टीनं पुसलेलं अर्धं कुंकू.

त्यांचा पूर्वेतिहास सगळीकडं साधारण एकच. आमच्या वहिनी शाळेत असताना वेदगंगेच्या काठच्या कुठल्या तरी गावातून डबा हँडलला अडकवून सायकलनं मुरगूडच्या हायस्कूलला यायच्या. लग्न ठरलं, सायकल भाच्याला गेली. पुढं वीसेक वर्षं भाकरी, भांगलण, पोरांच्या परीक्षा, बचत गटाची वही. मग एके दिवशी रक्तातली साखर सीमेवर आली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चालणं वहिनींना पटलं नाही. "रस्त्यानं नुसतं चाललं की प्रत्येकजण विचारतो कुठं निघालाय. सायकलवर असलं की विचारंपर्यंत मी पुढं गेलेलो असतो," असं त्यांचं म्हणणं.

सुरुवात पोराच्या जुन्या सायकलीवर झाली. वर्षभरात रेसर सायकल आली आणि घरात अर्थशास्त्राचं अधिवेशन भरलं. दादा, म्हणजे वहिनींचे मालक, ऊसवाले, त्यामुळं त्यांना जगातली प्रत्येक वस्तू वजनावर कळते. सायकल नऊ किलोची आणि किंमत त्रेसष्ट हजार. "म्हणजे किलोला सात हजार," दादा म्हणाले, "आणि आमच्या उसाला टनाला तीन-साडेतीन." जुनी दांडीची सायकल वीस किलोची होती आणि तिला त्याचा दहावा हिस्सासुद्धा पैसे पडले नव्हते. पैसे जास्त देऊन वजन कमी का आणायचं, हे दादांना अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. आत्तींचा, म्हणजे सासूबाईंचा, हिशेब त्याहून सरळ होता. "एवढ्यात एक म्हस आली असती," त्या म्हणाल्या. सायकलीला ना स्टँड, ना कॅरिअर, ना मडगार्ड, हे कळल्यावर त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, "मग राहिलेलं सामान कधी देणार हायत?"

सराव पहाटे पाचला. सोपा दिवस असला तर सर पिराजीराव तलावाच्या अंगानं. हा तलाव कागलच्या पिराजीराव घाटग्यांच्या नावाचा. ते शाहू महाराजांचे सख्खे धाकटे भाऊ. कष्टाचा दिवस असला तर मुधाळ तिट्ट्यापर्यंत किंवा उलट्या अंगानं निपाणीपर्यंत. अमावस्येला मात्र सुट्टी, कारण त्या दिवशी आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला निघालेल्या गाड्यांनी तो रस्ता भरलेला असतो आणि प्रत्येक जीपमधून कुणी तरी हात बाहेर काढून विचारतं, "बाई, नवस हाय काय सायकलनं यायचा?"

सायकलच्या शास्त्रातलं सर्वांत मोठं तत्त्व वहिनींना याच रस्त्यावर उमगलं, आणि ते त्यांना उसाच्या ट्रॅक्टरनं शिकवलं. सायकलस्वाराची बरीचशी ताकद वारा कापण्यातच जाते. पुढच्याच्या पाठीला चिकटून चालवलं की पंचवीस-तीस टक्के श्रम वाचतात. परदेशात यासाठी संघ बांधतात, गुरू नेमतात. आमच्याकडं गळीत हंगामात बिद्रीच्या, हमीदवाड्याच्या कारखान्याकडं रात्रंदिवस दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चाललेले असतात. वहिनी एकदा अशा ट्रॉलीच्या मागं लागल्या आणि त्यांना वाटलं, अचानक आपल्यात कुणाचा तरी संचार झाला. पाय हलके, वेग दुप्पट, पुढून ट्रॅक्टरवर कर्ण्यातनं गाणी चालू. दोन किलोमीटर गेल्यावर ट्रॅक्टरवाल्यानं आरशात बघून गाडी थांबवली, खाली उतरला आणि म्हणाला, "मावशी, ऊस पायजे तर मागून घ्या की. एवढ्या लांबनं वढत कशाला येताय?" दोन कांडकी हातात ठेवून तो गेला. वहिनींनी ती खाल्ली. शर्यतीत दमल्यावर साखर लागते, हे दुसरं तत्त्वही त्याच दिवशी समजलं. (भरल्या ट्रॉलीमागं सायकल चालवणं धोक्याचं आहे आणि वहिनी आता तसं करत नाहीत, असं दादांनी मला लिहायला सांगितलं आहे.)

गावाचं मार्गदर्शन वेगळंच. कुस्तीच्या गावात प्रत्येक पुरुष प्रशिक्षक असतो आणि त्याच्या लेखी खेळ एकच. बाकीचे त्याचे पोटभाग. चौकात सायकल थांबली की एक निवृत्त पैलवान जवळ येणार, चाकाकडं बघणार आणि सांगणार, "मांड ढिली हाय तुमची." दुसरा बदामाची थंडाई सुचवणार. तिसरा जोर-बैठकांचा आकडा सांगणार. समोरचीला उचलून टाकायचं नाही, फक्त तिच्या पुढं जायचं आहे, हे सांगितल्यावर तिघांचाही रस निम्म्यावर येतो.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे शनिवार-रविवार. यात्रांचा हंगाम आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस एकत्र आले की आमच्या भागात दोन दिवसांत तीन-तीन सायकल शर्यती लागतात. शनिवारी संध्याकाळी एका वाढदिवसाची, रविवारी सकाळी एका यात्रेची, रविवारी दुपारी आणखी एका मंडळाची. राष्ट्रीय स्पर्धेत टाइम ट्रायल, क्रायटेरियम आणि रोड रेस असे प्रकार असतात, हे वहिनींनी मोबाईलवर बघून पाठ केलं आहे, आणि तीच नावं त्या या शर्यतींना लावतात. देवळाभोवतीच्या पाच फेऱ्या म्हणजे क्रायटेरियम. हमरस्त्यानं पुढच्या गावच्या कमानीला हात लावून परत म्हणजे रोड रेस. टाइम ट्रायल मात्र आमच्याकडं स्वारांची नसते, पाहुण्यांची असते. झेंडा दाखवायला येणारे पाहुणे किती उशिरा येतात, एवढीच वेळ तिथं मोजली जाते.

या उशिराबद्दल बायका कुरकुरतात तेव्हा वहिनी त्यांना इतिहास सांगतात. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची रस्त्यावरची सायकल शर्यत १८९६ साली अथेन्सला झाली. बायकांची पहिली झाली १९८४ साली, लॉस एंजेलिसला. ती अमेरिकेच्या कॉनी कार्पेंटरनं जिंकली. "अठ्ठ्याऐंशी वर्षं पाव्हणे यायचे हुते," वहिनी म्हणतात, "आपलं दीड तासावर भागतंय."

शनिवारी निघायच्या आधी दोन दिवसांची चटणी, भाकरीचं पीठ, आत्तींच्या गोळ्या, म्हशीचं वैरण-पाणी या सगळ्याची लावालाव होते. त्यात वहिनी निम्म्या दमतात. समोरच्या गटातल्या बाकीच्याही तशाच निम्म्या दमून आलेल्या असतात, त्यामुळं शर्यत न्याय्य राहते. दादा मोटारसायकलवरून मागं. पाठीवरच्या पिशवीत पंप, ट्यूब, केळी, गूळ-शेंगदाणे आणि शाल-श्रीफळ घरी आणायला एक रिकामी पिशवी. "मला ह्यातलं काय कळत नाही," असं ते सगळ्यांना सांगतात आणि मोक्याच्या वळणावर उभं राहून ओरडतात, "पुढची कोल्हापूरची हाय! तिच्या पायात गोळा आलाय! आत्ताच धर!"

शर्यत सुरू झाली की खरी गंमत. वारा समोरचा असला की पुढं राहायला कुणीच तयार नसतं. पुढं राहील ती दमणार, मागची आरामात येणार. युरोपातल्या बायका अशा वेळी एकमेकींवर खेकसतात म्हणे. आमच्याकडं असं उघड कसं वागायचं? मग हळदी-कुंकवाला दारात पायताणं काढताना जो आग्रह चालतो तोच ताशी पंचवीसच्या वेगानं सुरू होतो.

"व्हा की वहिनी तुम्ही पुढं."

"न्हाई न्हाई, तुम्ही व्हा. तुम्ही थोरल्या."

"थोरलं कसलं, तुमच्या गावची यात्रा हाय. मान तुमचा."

"मान कसला, मला तर रस्ताबी म्हाईत न्हाई."

मुरगूडच्या वहिनींना आपल्या तालुक्याचा रस्ता माहीत नसतो, यावर सगळ्या विश्वास ठेवल्यासारखं करतात. या सौजन्यात वेग ताशी अठरावर येतो, मागून एक पोरगी शाळेच्या गणवेशातल्या सलवारीवर साध्या सायकलीवरून येते, "काकू, बाजूला" म्हणते आणि निघून जाते. तेवढ्यात निपाणीच्या वहिनी लोणच्याला मीठ किती घालायचं याबद्दल विचारतात. मुरगूडच्या वहिनी सविस्तर सांगतात. किलोला किती, मोहरीची डाळ किती, हे सांगून होतंय तोवर निपाणीकरीण दोनशे मीटर पुढं. ही चाल आता सर्वत्र माहीत झाली असल्यामुळं पाककृती विचारणारीकडं संशयानंच बघतात.

फेऱ्यांच्या शर्यतीत वेगळा गोंधळ. फेऱ्या मोजणारा मंडळाचा कार्यकर्ता एकाच वेळी प्रसादाची पातेलीही मोजत असतो. एखादीची चौथी फेरी पाचवी होते, एखादीची पाचवी चौथी. निकाल शेवटी ज्येष्ठ मंडळींच्या बैठकीत लागतो आणि सायकलवर जिंकलेली शर्यत बऱ्याचदा खुर्चीवर हरते. बक्षिसांचंही सांगायला हवं. पुरुषांना पहिल्याला अकरा हजार असले की बायकांच्या पहिलीला तीन हजार आणि साडी. सगळ्या एकाच रस्त्यानं, एकाच उन्हात. ही साडी आठ हजारांची असावी असा हिशेब वहिनींनी एकदा माइकसमोर मांडला आणि साडी उलगडून काठ दाखवले. संयोजक हसले, टाळ्या वाजल्या, आकडे तसेच राहिले. मला विचाराल तर त्या दिवशी सबंध यात्रेत झालेलं एकमेव खरं भाषण ते होतं.

आता यात नंबर कसा येतो? खुल्या गटात आशा नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या इंगळीच्या पूजा दानोळेनं खेलो इंडियात सुवर्णपदकं मिळवली. तिच्या वाटेनं निघालेल्या पोरी आता गावोगाव आहेत. त्यांच्या मांड्या बघूनच वहिनी शुभेच्छा देऊन मोकळ्या होतात. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं तर २०१८ साली, विशीत, १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीला चक्कर मारली. हे दादांनी ऐकलं तेव्हा त्यांची शंका एकच, "एवढे दिवस घरी भाकरी कोण थापत होतं?" वहिनी म्हणाल्या, "जे खाणार असतील ते." त्यानंतर दादा भाकरी शिकले. गोल होत नाही, पण फुगते.

तेव्हा खुला गट सोडून वहिनींनी स्वतंत्र गटांसाठी चळवळ उभारली. आधी 'महिला हौशी' मिळवला. त्यात कॉलेजच्या पोरी घुसल्या. मग 'विवाहित महिला' झाला. त्यात वीस वर्षांची एक नवी नवरी येऊन सगळं घेऊन गेली, तिच्या हाताची मेंदीसुद्धा उतरली नव्हती. शेवटी 'पस्तीस वर्षांच्या पुढील महिला' हा गट आला आणि वहिनींना हक्काचं घर मिळालं. सात जणींत तिसऱ्या, पाच जणींत दुसऱ्या आणि एकदा गडहिंग्लजच्या दोघी वळणावर एकमेकींकडं बघायचं नाही म्हणून भलत्याच रस्त्याला लागल्या तेव्हा पहिल्या. घरात आता तीन मिक्सर आहेत. चौथ्याऐवजी पैसे द्या, असं त्या नाव नोंदतानाच सांगतात.

पुरावा मागतील म्हणून आधार कार्ड जर्सीच्या मागच्या खिशात, केळ्याशेजारी. आयुष्यभर लग्नकार्यात वय दोन वर्षांनी कमी सांगणाऱ्या बायका नोंदणीच्या टेबलापाशी मात्र महिन्यांचा हिशेब घालून स्वतःला म्हातारं ठरवताना बघायच्या असतील तर यावं आमच्या यात्रेला. "मी जूनची, म्हंजी वरचं वर्ष लागलं," असं ठासून सांगतात.

गेल्या रविवारी तिसरी शर्यत संपली. वहिनी चौथ्या. गारगोटीची नवी वहिनी पहिली. तिला नुकतीच पस्तिशी लागलेली आणि पाय अजून पंचविशीतले. बक्षीस समारंभ चालू असताना वहिनींनी संयोजकांना मंडपामागं गाठलं. मी तिथं ताक पीत उभा होतो.

"पुढच्या वर्षी पंचेचाळीसच्या पुढचा गट काढा," वहिनी म्हणाल्या.

"किती जणी येतील वहिनी त्यात?"

"त्ये तुम्ही बघू नका. मी आणतो."

"पण तुम्हाला चालेल ना? वय पुरं व्हायला लागतंय."

वहिनींनी केळ्यामागचं आधार कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. "मार्चमधी हुतंय. तुमची यात्रा तेवढी एप्रिलात घ्या."

संयोजकांनी डायरी उघडली. यात्रेची तिथी देवाची असते, मंडळाची नाही, हे ते समजावून सांगू लागले. तेव्हा वहिनींनी विचारलं, "मग वाढदिवस कुणाचा हाय एप्रिलात?"