बिनशाळेची सुट्टी

माझी नात शाळेत जात नाही. आजारी नाही, हट्टी नाही, शाळेने काढून टाकलेलं नाही. तिला घरीच शिकवायचं असं तिच्या आईवडिलांनी ठरवलंय. मी हयातभर मास्तरकी केलेला माणूस, त्यामुळे हा निर्णय मी कसा पचवला असेल ते विचारू नका. सूनबाईंच्या कपाटात जॉन होल्टची पुस्तकं आहेत. या अमेरिकन गृहस्थाने १९७७ साली घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी चक्क नियतकालिक काढलं. मुळात तोही शिक्षकच. म्हणजे आमच्यातलाच फुटीर!

नातेवाइकांचे प्रश्न आता सगळ्यांना पाठ झालेत. दहावीचं काय, मैत्रिणी कुठून मिळणार, कायद्यात बसतं का. पण एप्रिल संपत आला की सोसायटीतली कोणीतरी काकू विचारते, "मग हिला सुट्टी कधी?" आणि सूनबाई, ज्या एरवी अर्धा तास बोलू शकतात, गप्प होतात.

कारण सुट्टी त्यांच्याकडे वर्षभर असते किंवा कधीच नसते. सिंहगडावर ही मंडळी मंगळवारी जातात. रविवारी जिथे पिठलं-भाकरीसाठी ताटकळावं लागतं, तिथे मंगळवारी मावशी स्वतः शेजारी बसून दह्याचं मडकं पुढे सरकवतात. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं हे शाळेतल्या मुलांना कशाला ठाऊक असेल? आमच्या नातीला ते पाढ्यांच्या आधीपासून माहीत आहे. केळकर संग्रहालयात दुपारच्या शुकशुकाटात एकदा कुणीतरी हटकलं, "काय गं, आज शाळा नाही?" ती म्हणाली, "आहे की. चालू आहे."

एकदा फेब्रुवारीत गुहागरला गेले. आख्खा किनारा यांचा. खोली स्वस्त, घाटात गर्दी नाही. पण हापूस अजून कैरीच्या अवतारात झाडावर, आणि आतेभावंडं परीक्षेच्या तयारीत मुंबईत. नातीने वाळूत एकटीने किल्ला बांधला, एकटीनेच मोडला, आणि घरी कधी जायचं म्हणून विचारलं. समुद्र फुकट मिळतो, भावंडं मात्र मे महिन्यातच मिळतात.

घरी शिकणाऱ्या पोरांचा एक छळ मात्र मला खरोखर बघवत नाही. शाळेतल्या मुलाला सुट्टीत शिक्षणापासून अभय असतं. इथे शिक्षण घरातच राहायला असल्यामुळे ते कुठे जाणार? आमरस करायला घेतला की चिरंजीव डझन-अर्धा डझनाची उदाहरणं घालतात. सरबत ढवळलं की विद्राव्यता. पोरीला साधं लिंबू सरबत कोणी निमूट पिऊ देत नाही. सूनबाईंचं म्हणणं, जगणं आणि शिकणं वेगळं नाही. असेल. पण माझ्या वर्गात निदान घंटा तरी व्हायची.

आणि मग मे उजाडतो. वर्षभर ही पोर संध्याकाळची वाट बघत असते, कारण खालच्या मुलांची आधी शाळा, मग क्लास. मे महिन्यात सकाळी सातलाच खालून हाका सुरू होतील अशी तिची अपेक्षा. हाका येतात, पण रिक्षावाल्याच्या! पोहणं, अबॅकस, रोबोटिक्स, संस्कारवर्ग. शाळा सुटलेली मुलं पाण्याच्या बाटल्या अडकवून शिबिरांना निघतात, आणि जिला शाळाच नाही ती गॅलरीतून त्यांना टाटा करते. दुपारी मंडळी परतली की मात्र पाच-तीन-दोनचा डाव पडतो तो दिवेलागणीपर्यंत. त्यातून हिशेब शिकायला मिळतो असं चिरंजीव एकदा म्हणाले. त्यानंतर पोरांनी त्यांना डावात घेतलं नाही.

घरी शिकवणाऱ्या पालकांच्या सूनबाईंच्या गटातल्या एका मोठ्या मुलाची गंमत याहून न्यारी. तो एनआयओएसची, म्हणजे मुक्त विद्यालयाची, दहावी देतोय. ती परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते, आणि राहिलेच विषय तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणजे जगाची उन्हाळी सुट्टी ती याची परीक्षा, आणि जगाची दिवाळी ती याची फेरपरीक्षा. शाळेच्या वेळापत्रकातून सुटलेला मुलगा तेच वेळापत्रक उलटं करून पाळतोय. मला त्याची कीव आली. त्यापेक्षा जरा जास्त, खरं सांगायचं तर, आनंद झाला.

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या. पहिल्या दिवशी सोसायटीचं पटांगण सकाळी आठलाच रिकामं झालं. नात माझ्याकडे तणतणत आली. "आजोबा, मी शाळेत जातच नाही, तर शाळा सुरू झाल्याचा त्रास मला का?" मी सूनबाईंकडे बघितलं. त्यांनी कपाटाकडे बघितलं. चिरंजीव मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "आता सगळीकडे खोल्या रिकाम्या आहेत. जाऊ या का कुठेतरी?"

"कोण कोण येणार?" नातीने विचारलं.